परक्याचा कोड आपल्या प्रोसेसमध्ये: वेबअसेंब्लीचा रनटाइम ‘बसवणं’ म्हणजे काय?

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने एक ईमेल टाकली आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांची झोप उडाली. फ्रॉइंड पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करतो. एसएसएचने, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी सुरक्षित जोडणी करून देणाऱ्या सोयीने, लॉगिन होताना साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं होतं. तो धागा ओढत ओढत तो ‘एक्सझेड’ नावाच्या लायब्ररीपर्यंत (लायब्ररी म्हणजे इतर प्रोग्रामनी वापरायचा तयार कोड) पोहोचला आणि तिथे कुणीतरी मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा निघाला. डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांच्या चाचणी आवृत्त्यांत तो शिरलाही होता.

तो कुणी पेरला, कसा पेरला यावर पुष्कळ लिहून झालंय. मला तेव्हापासून छळणारा प्रश्न त्याहून साधा आहे. एक्सझेडचं काम फाइल दाबून लहान करायची आणि पुन्हा उलगडायची. बाइट आत, बाइट बाहेर. मग लॉगिनची किल्ली तपासणाऱ्या कोडपर्यंत तिचा हात पोहोचलाच कसा?

## सगळे एकाच हॉलमध्ये

चालू असलेल्या प्रोग्रामला प्रोसेस म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोसेसला मेमरीचा वेगळा हिस्सा देते आणि दोन प्रोसेसच्या मध्ये पक्की भिंत घालते. पण एका प्रोसेसच्या आत भिंत नसते. तुम्ही लिहिलेला कोड, तुम्ही घेतलेली लायब्ररी, त्या लायब्ररीने परस्पर आणलेली दुसरी लायब्ररी, सगळे एकाच हॉलमध्ये बसतात आणि कुणीही कुणाच्याही टेबलावरचे कागद वाचू शकतो, खोडू शकतो. एक्सझेडला तर एसएसएचच्या सर्व्हरने थेट बोलावलंही नव्हतं. काही वितरणांनी त्या सर्व्हरला सिस्टिमडीची (लिनक्सवरच्या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची) लायब्ररी जोडली होती, ती येताना एक्सझेडला सोबत घेऊन आली.

रस्ट या भाषेत लिहिलं की हा प्रश्न सुटतो, असं काहींना वाटतं. चुकून होणारी बरीच पडझड रस्ट थांबवते हे खरं, पण वाईट हेतूने लिहिलेल्या लायब्ररीला ती अडवत नाही. ‘अनसेफ’ हा एक शब्द लिहिला की दार उघडं.

जुने उपाय दोन. परका कोड वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवायचा, जसं ब्राउझर वेगवेगळ्या साइटचं करतो. भिंत मिळते, पण प्रत्येक निरोप ऑपरेटिंग सिस्टिममार्फत जातो. सेकंदाला लाखो वेळा बोलायचं असेल तर ते परवडत नाही. दुसरा उपाय म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये छोटी भाषा बसवायची. ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ त्यासाठीच प्रसिद्ध आहे आणि अनेक गेममध्ये ती असते. पण मग पाहुण्याने लुआच बोलायला हवं. आधीच सीमध्ये लिहून ठेवलेल्या लाखभर ओळी लुआत कोण उतरवणार?

## नावात वेब, कामात कुठेही

वेबअसेंब्ली ही या दोहोंच्या मधली वाट. प्रोग्रामर तिला ‘वॉझम’ म्हणतात, मीही तेच म्हणेन. २०१५ मध्ये ब्राउझर बनवणाऱ्यांनी मिळून ती जाहीर केली, २०१७ अखेर चारही मोठ्या ब्राउझरमध्ये ती आली, डिसेंबर २०१९ मध्ये वेबच्या प्रमाणसंस्थेने तिला अधिकृत मान्यता दिली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तिची ३.० ही आवृत्ती पूर्ण झाल्याची बातमी आली. नाव मात्र फसलेलं आहे. ती वेबपुरती नाही आणि खऱ्या कुठल्याही प्रोसेसरची असेंब्लीही नाही.

वॉझम म्हणजे एका काल्पनिक यंत्राची भाषा. सी, सी++, रस्ट, झिग अशा भाषांतला कोड कंपायलरने, म्हणजे एका भाषेतला कोड दुसरीत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, या काल्पनिक यंत्रासाठी उतरवता येतो. त्यातून निघणाऱ्या फाइलला मॉड्यूल म्हणतात. तिचे पहिले चार बाइट ठरलेले: एक शून्य, मग रोमन लिपीतली ए, एस, एम ही अक्षरं. ते काल्पनिक यंत्र खऱ्या यंत्रावर चालवून दाखवणारा प्रोग्राम म्हणजे रनटाइम.

या यंत्राचं मूळ रूप विलक्षण कंगाल आहे. त्याला फक्त चार प्रकारचे आकडे कळतात: ३२ आणि ६४ बिटांचे पूर्णांक, ३२ आणि ६४ बिटांचे दशांश. त्याला फाइल माहीत नाही, नेटवर्क माहीत नाही, आत्ता किती वाजले हेही माहीत नाही. मॉड्यूलला यातलं काही हवं असेल तर त्याने फाइलमध्येच ‘मला बाहेरून अमुक फंक्शनं लागतील’ अशी यादी लिहायची. तिला इम्पोर्टची यादी म्हणतात. यादीत नाही ते मागता येत नाही आणि यादीत असलेलंही यजमानाने दिलं तरच मिळतं.

इथून पुढे यजमान म्हणजे तुमचा प्रोग्राम आणि पाहुणा म्हणजे त्याच्या आत चालणारं मॉड्यूल.

## बसवायचं म्हणजे करायचं काय?

रनटाइम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर आधी वेगळं इन्स्टॉल करायचं काहीतरी अवजड येतं. इथे तो एक साधी लायब्ररी असतो. रस्टमध्ये लिहिलेले वॉझमटाइम आणि वॉझमर, इंटेलमध्ये सुरू झालेला सीमधला वॅमर, गो या भाषेसाठीचा वाझीरो, ही त्यातली नावाजलेली नावं. प्रकल्पाच्या यादीत एक ओळ वाढवली की रनटाइम तुमच्या प्रोग्रामच्या पोटात.

वॉझमटाइमचं उदाहरण घेऊ. पहिली वस्तू इंजिन: हा भाषांतरकार, प्रोसेसभरात एक पुरतो. त्याच्याकडे मॉड्यूलची फाइल दिली की तो आधी ती तपासतो (नियमबाह्य उडी, चुकीच्या प्रकारचा आकडा असं काही आढळलं तर फाइल दारातच परत) आणि मग तिचं खऱ्या प्रोसेसरच्या भाषेत रूपांतर करतो. दुसरी वस्तू स्टोअर, म्हणजे एका पाहुण्याचा सगळा संसार ठेवायची जागा. तिसरी लिंकर: पाहुण्याला तुम्ही काय काय देणार त्याची यादी. मॉड्यूलची मागणी आणि लिंकरची यादी जुळली की इन्स्टन्स तयार होतो, म्हणजे पाहुणा खोलीत येऊन बसतो. मग त्याचं हवं ते फंक्शन नावाने शोधायचं आणि बोलवायचं. सगळं मिळून वीसेक ओळी.

सिस्टिम्स प्रोग्रामिंगच्या भाषा म्हणजे रस्ट, सी, सी++, झिगसारख्या, मेमरीचा हिशेब प्रोग्रामरच्याच हाती ठेवणाऱ्या भाषा. रनटाइम बसवण्याचा विषय निघाला की याच भाषा पुढे येतात, कारण पाहुण्याची खोली ही शेवटी तुमच्याच मेमरीतली एक पट्टी असते आणि तिच्यात हात घालून बाइट ठेवायला-काढायला अशाच भाषा बऱ्या पडतात.

## भिंत कशाची बनलेली असते?

हा भाग मला सगळ्यात आवडतो. पाहुण्याची मेमरी म्हणजे बाइटांची एक सलग पट्टी. ती ६४ केबीच्या पानांनी वाढते. पाहुण्याच्या दृष्टीने पत्ता म्हणजे शून्यापासून मोजलेला ३२ बिटांचा आकडा. एवढ्या आकड्यात जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच बोट दाखवता येतं.

आता प्रत्येक वाचन-लेखनाआधी ‘पत्ता हद्दीत आहे ना’ असं तपासत बसलं तर वेग जाणार. म्हणून ६४ बिटांच्या मशिनवर वॉझमटाइमसारखे रनटाइम एक युक्ती करतात. पाहुण्यासाठी पूर्ण ४ जीबीचे पत्ते राखून ठेवायचे. मेमरी नव्हे, नुसते पत्ते. खरी मेमरी लागेल तेवढीच. त्या पट्ट्यापुढेही थोडी पडीक जागा कुणालाच न देता सोडायची. पाहुण्याने हद्दीबाहेरचा आकडा उच्चारला की तो या राखीव किंवा पडीक पत्त्यांवर आपटतो, प्रोसेसर स्वतःच आरडाओरडा करतो आणि रनटाइम तो इशारा पकडून पाहुण्याला जागच्या जागी थांबवतो. या थांबवण्याला ‘ट्रॅप’ म्हणतात. बहुतेक वेळा तपासणीचा खर्च शून्य, कारण पहारा हार्डवेअरचा. जिथे पडीक जागेने भागत नाही तिथे तपासणीची सूचना घालावीच लागते. ३.० आवृत्तीत ६४ बिटांचे पत्तेही आलेत. ते वापरणाऱ्या मॉड्यूलला ही फुकटची चैन मिळत नाही.

यजमानाच्या बाजूला ट्रॅप म्हणजे नेहमीसारखी एक एरर. रस्टमध्ये ती तुमच्या हातात येते, तुम्ही नोंद करता, तो पाहुणा टाकून देता आणि पुढच्या कामाला लागता. हॉल जळत नाही.

## खिडकीतून ‘नमस्कार’ सरकवायचा कसा?

आकड्यांपलीकडे काही न कळणाऱ्या पाहुण्याला मजकूर द्यायचा कसा? ‘नमस्कार’ घ्या. यूटीएफ-८ या, मजकूर बाइटांत लिहायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. न, म, स, हलन्त, क, काना, र अशी ७ चिन्हं, म्हणून २१ बाइट.

यजमान आधी पाहुण्याच्याच जागा देणाऱ्या फंक्शनला विचारतो, ‘२१ बाइटांची जागा दे’. उत्तरात एक आकडा येतो, समजा १०४८५९२. यजमान पाहुण्याच्या पट्टीत त्या जागेपासून २१ बाइट उतरवतो. मग खरं फंक्शन बोलावतो आणि त्याला दोन आकडे देतो: १०४८५९२ आणि २१. पाहुणा काम करून उत्तराचा पत्ता आणि लांबी परत देतो, पुष्कळदा दोन्ही मिळून ६४ बिटांच्या एकाच आकड्यात कोंबून. यजमान तेवढे बाइट उचलतो आणि ‘जागा मोकळी कर’ असं सांगायला विसरत नाही. विसरला तर पाहुण्याची खोली हळूहळू अडगळीने भरते. एका शब्दासाठी एवढं नमनाला घडाभर तेल.

इथेच मी एकदा चांगला तोंडावर आपटलो. सीमध्ये एक छोटा रनटाइम बसवला होता. पाहुण्याच्या पट्टीचा खरा पत्ता एकदा विचारून घेतला आणि व्हेरिएबलमध्ये ठेवून दिला, पुन्हा पुन्हा कशाला विचारा म्हणून. छोट्या मजकुराला सगळं सुरळीत. मजकूर मोठा झाला की उत्तरात कचरा, तोही दर वेळी नाही. दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं: मोठ्या मजकुरासाठी पाहुण्याने पट्टी वाढवून मागितली, रनटाइमने नवी मोठी जागा घेऊन सगळं सामान तिकडे हलवलं आणि मी जुन्या, रिकाम्या केलेल्या घराचा पत्ता धरून बसलो होतो. पाहुणा बिचारा निर्दोष. भिंतही शाबूत. घोळ यजमानाचा.

हेच रस्टमध्ये लिहायला गेलो तर कंपायलर अडून बसतो. पट्टीकडे पाहणारा संदर्भ हातात असताना पाहुण्याचं फंक्शन बोलावू देत नाही, कारण त्या बोलावण्यात पट्टी बदलू शकते. पहिल्या आठवड्यात या अडवणुकीचा राग येतो.

दुसरा सापळा त्याहून वाईट. पाहुणा ‘या पत्त्यापासून एवढे बाइट छाप’ असं सांगतो, तेव्हा पत्ता आणि लांबी दोन्ही त्याच्या तोंडचे आकडे असतात. यजमानाने दोन्हींची ३२ बिटांत बेरीज केली तर मोठ्या आकड्यांची बेरीज गोल फिरून पुन्हा लहान होते, हद्दीची तपासणी पास होते आणि यजमान स्वतःच्या हाताने हद्दीबाहेरचं वाचून छापतो. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हे. वॉझमचा रनटाइम बसवणं वीस ओळींचं काम. खिडकीवर कुणी काय मागितलं तर काय द्यायचं, हे नीट लिहिणं महिन्यांचं. वेळेचा अंदाज देताना लोक पहिलंच मोजतात.

यातला बराच कष्टाचा भाग आता यंत्राकडे जातोय. फाइल, घड्याळ, नेटवर्क मागण्याची ठरीव पद्धत म्हणजे ‘वासी’. ती २०१९ मध्ये मांडली गेली. जानेवारी २०२४ मध्ये तिची ०.२ आवृत्ती ‘कंपोनंट मॉडेल’सोबत आली. त्यात दोन्ही बाजूंनी काय द्यायचं-घ्यायचं ते एका छोट्या फाइलमध्ये लिहायचं, मजकूर, याद्या, रेकॉर्ड अशा शब्दांत, आणि बाइट उतरवण्याचा कोड आपोआप तयार होतो.

## पाहुणा उठायचं नावच घेईना तर?

भिंत मेमरीचं रक्षण करते, वेळेचं नाही. पाहुण्याने कधीच न संपणारा लूप लावला तर तुमचा थ्रेड, म्हणजे प्रोसेसमधला कामाचा एक धागा, अडकला. यावर वॉझमटाइममध्ये दोन इलाज आहेत. एकाचं नाव इंधन. पाहुण्याला ठरावीक आकडा द्यायचा, बहुतेक प्रत्येक सूचनेला त्यातला एक खर्च होतो, संपला की ट्रॅप. फायदा असा, की तोच कोड तोच मजकूर दिला तर नेमक्या त्याच ठिकाणी थांबतो. तोटा, मोजणीमुळे वेग घटतो.

दुसरा इलाज शाळेच्या घंटेसारखा. यजमानाचा वेगळा थ्रेड दर काही मिलिसेकंदांनी एक आकडा वाढवत राहतो. पाहुणा फंक्शनच्या सुरुवातीला आणि लूपच्या प्रत्येक फेरीला तो आकडा बघतो आणि आपली वेळ उलटली असेल तर थांबतो. हे स्वस्त पडतं, पण कुठे थांबेल ते नेमकं सांगता येत नाही. आणि दोन्हींत एक भोक: पाहुणा यजमानाच्याच एखाद्या फंक्शनमध्ये ताटकळत असेल तर ना इंधन जळतं, ना घंटा ऐकू येते. तिथली मुदत तुम्हीच घालायची. मेमरी किती वाढू द्यायची त्याची मर्यादाही वेगळी लावावी लागते, आपोआप लागत नाही.

## हे तर जावाचंच नवं रूप!

हा आक्षेप हमखास येतो आणि तो अगदी चुकीचा नाही. काल्पनिक यंत्र, बाइटकोड, ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’, हे सगळं जावाने १९९५ मध्ये सांगितलं होतं. त्याच्याही आधी, १९९३ मध्ये, एका प्रोसेसच्या आत सॉफ्टवेअरने भिंत घालण्यावर संशोधन प्रसिद्ध झालं होतं.

फरक सुरुवात कुठून केली याचा आहे. जावाच्या पाहुण्याला भलंमोठं घर आधीच मिळायचं, फाइल, नेटवर्क, सगळं असलेलं, आणि प्रत्येक दारावर सिक्युरिटी मॅनेजर नावाचा पहारेकरी उभा असायचा. दारं इतकी झाली की पहारा पुरेना. जावाने तो पहारेकरी २०२१ मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकला आणि २०२५ च्या आवृत्तीत कायमचा बंद केला. वॉझमच्या खोलीला मुळात दारं नाहीत. खिडकी तुम्ही पाडाल तेवढीच. शिवाय जावाचं यंत्र ऑब्जेक्ट धरून चालतं, वॉझमचं नुसती पट्टी आणि आकडे धरून, म्हणून सीमधला जुना कोड तिथे फारसा न बदलता उतरतो.

## वेगाचं काय?

थेट यंत्रभाषेपेक्षा वॉझम हळू चालतो. २०१९ च्या एका अभ्यासात प्रोसेसरचा वेग मोजायच्या, स्पेक सीपीयू नावाच्या चाचण्या ब्राउझरमध्ये सरासरी ४५ ते ५५ टक्के हळू चालल्या. तेव्हापासून कंपायलर सुधारलेत आणि ब्राउझरबाहेरचं गणित वेगळं आहे, पण फरक शून्य झालेला नाही.

सुरुवातीला लागणारा वेळ मात्र नगण्य. वेबसाइटचा मजकूर जगभर पोहोचवणाऱ्या फास्टली कंपनीने २०१९ मध्ये आपला रनटाइम नवा पाहुणा ५० मायक्रोसेकंदांच्या आत उभा करतो असं जाहीर केलं होतं. एवढ्या स्वस्तात पडत असेल तर प्रत्येक विनंतीला कोरा पाहुणा आणायचा आणि काम झालं की खोलीच मोडून टाकायची, अशी रचना करता येते. आधीच्या ग्राहकाचा एकही बाइट पुढच्याला दिसत नाही.

## मग आता निर्धास्त राहायचं?

नाही. भिंत बांधणारा कंपायलरही माणसांनीच लिहिलाय. मार्च २०२३ मध्ये वॉझमटाइमच्या कंपायलरमध्ये एक चूक निघाली. पाहुण्याच्या आकड्यात सूचनेतलं ठरीव अंतर मिळवलं की पत्ता ३३ बिटांत मावायला हवा. ६४ बिटांच्या इंटेल-पद्धतीच्या मशिनवर काही वेळा तो ३५ बिटांचा होत होता. वर सांगितलेली पडीक जागा आठवा: तेवढे जास्तीचे दोन बिट तिच्यावरून थेट पलीकडे उडी मारायला पुरेसे. दुरुस्ती लगेच निघाली, पण रनटाइमची आवृत्ती वर्षानुवर्षं न बदलणाऱ्यांना ती कशी पोहोचणार? आणि प्रोसेसरच्या अंदाजबाजीतून माहिती गळवणारे स्पेक्टरसारखे हल्ले तर या भिंतीच्या हिशेबातच पूर्ण बसत नाहीत.

भिंतीच्या आत काय घडतं तेही वेगळं. सीमधली जुनी चूक वॉझममध्ये उतरवली म्हणून दुरुस्त होत नाही. पाहुणा स्वतःचीच पट्टी बिघडवू शकतो आणि तुम्हाला बिघडलेलं उत्तर देऊ शकतो. एक्सझेड वॉझमच्या खोलीत असती तर लॉगिनच्या कोडला हात लावू शकली नसती. उलगडलेल्या फाइलमध्ये चार बाइट बदलून देणं तिला तरीही जमलं असतं.

हे ओळखून केलेलं सुंदर काम फायरफॉक्समध्ये आहे. डिसेंबर २०२१ च्या ९५ व्या आणि तिच्या पुढच्या ९६ व्या आवृत्तीत मिळून त्यांनी फॉन्ट, स्पेलिंग तपासणी, ऑडिओ, एक्सएमएल अशा कामांच्या ५ लायब्ररी कोंडल्या. त्या आधी वॉझममध्ये उतरवल्या, मग ते वॉझम पुन्हा सीमध्ये उलटवलं आणि नेहमीच्या कंपायलरने फायरफॉक्ससोबत बांधलं. चालताना रनटाइम असा दिसतच नाही. उरते ती फक्त भिंत. आणि लायब्ररीकडून आलेल्या प्रत्येक आकड्यावर ‘हा परक्याचा, तपासल्याशिवाय वापरू नको’ असा शिक्का सी++ च्या प्रकारांतूनच मारलेला असतो. म्हणजे माझ्यासारख्या यजमानाची चूक कंपायलरच पकडणार.

## पहिल्यांदा हात घालताना

स्वतःचाच, तपासलेला, वेग हवा असलेला कोड असेल तर हे सगळं करू नका. साधी लायब्ररी जोडा. प्लगइन घ्यायचे असतील, ग्राहकांचा कोड चालवायचा असेल किंवा एखादी जुनी सी लायब्ररी वापरणं भाग असेल आणि तिच्यावर भरवसा नसेल, तर जरूर करा.

सुरुवात इम्पोर्टची यादी वाचण्यापासून करा. ती छापून दाखवणारी साधनं फुकट मिळतात. रस्टमध्ये एक ओळ छापणारा प्रोग्राम वासीसाठी कंपाइल करून बघा. यादीत लिहिण्याचं फंक्शन दिसेल, ते अपेक्षितच. पण प्रोग्राम संपवण्याचं आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) वाचण्याचीही दिसतील. ती तुम्ही मागितली नव्हती, भाषेच्या प्रमाण लायब्ररीने सवयीने मागितली. सर्व्हरवर डेटाबेसचे पासवर्ड पुष्कळदा याच व्हेरिएबलमध्ये ठेवलेले असतात. फंक्शन द्यावं लागेल, नाहीतर मॉड्यूल उभंच राहणार नाही. पण उत्तरात काय द्यायचं ते तुम्ही ठरवता, आणि वॉझमटाइममध्ये तुम्ही वेगळं काही सांगितलं नाहीत तर पाहुण्याला मिळते रिकामी यादी.